पंखा खरा की आकडा खरा?

उन्हाळा तापायला लागला की ओळखीपाळखीतून माझ्याकडे तीन तक्रारी येतात, आणि तिन्ही एकाच प्रकारच्या डब्याबद्दल. घरातले फोटो, सिनेमे, धंद्याचे हिशेब ठेवायला घेतलेला दोन किंवा चार डिस्कचा डबा. त्याला नेटवर्क स्टोरेज किंवा सुटसुटीत ‘नॅस’ म्हणतात. कंपनीने त्याचे अपडेट बंद केलेले असतात, म्हणून कुणीतरी हौसेने त्यावर नवं लिनक्स, म्हणजे फुकट मिळणारी खुली संगणकप्रणाली, चढवतं. बाकी सगळं झकास. पण पहिला म्हणतो, पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडतोय. दुसरा म्हणतो, पंख्याचा आवाजच येत नाही आणि डिस्कला हात लावला तर चटका बसतोय. तिसऱ्याची तक्रार मला सगळ्यात आवडते: पडद्यावर पंखा मिनिटाला ८०५७ फेरे घेतोय असं लिहून येतंय, आणि समोर पंखा तर निवांत गुणगुणतोय.

तिघांचाही पंखा शाबूत आहे. बिघडलंय ते पंखा आणि पडदा यांच्यामधलं बोलणं. हे बोलणं घडवून आणणाऱ्या लहानशा प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. तो ‘चालतोय’ असं दिसणं आणि तो खरं सांगतोय याची खात्री होणं, यात बरंच अंतर आहे. ८०५७ या आकड्यापाशी आपण परत येऊ. तो कुठून आला हे लेख संपायच्या आत तुम्हालाच सांगता येईल.

हवेत बोलण्यापेक्षा एक खरं उदाहरण धरू. नेटगिअरचे रेडीनॅस १०२ आणि १०४ हे डबे. आत मार्व्हेलचा आर्माडा ३७० प्रोसेसर, आणि पंख्याचा वेग सांभाळायला जीएमटी कंपनीची जी७६२ नावाची नखाएवढी चिप. या चिपचा लिनक्समधला ड्रायव्हर २०१३ सालचा आहे. त्याचा पाया त्याही आधीचा: लासी या फ्रेंच कंपनीच्या डब्यांसाठी २००९च्या सुमारास लिहिलेलं काम.

चार तारा आणि कुंभाराचं चाक

संगणकातल्या चांगल्या पंख्याला चार तारा असतात. दोन विजेच्या: एक १२ व्होल्ट, एक जमीन. तिसरीवरून पंखा ‘माझा एवढा फेरा झाला’ असा ठोका पाठवतो. बहुतेक पंखे एका फेऱ्यात दोन ठोके देतात. चौथीवरून पंख्याला हुकूम जातो.

हुकुमाची रीत समजायला कुंभाराचं जुनं चाक आठवा. कुंभार काठी घालून चाक गरगरा फिरवतो आणि काठी काढून घेतो. चाक आपल्या वजनाने फिरत राहतं. मंदावलं की पुन्हा काठी. काठी जास्त वेळ लावली तर चाक जोरात, कमी वेळ लावली तर हळू. पंख्याचंही तसंच: वीज क्षणभर चालू, क्षणभर बंद, सेकंदाला साधारण २५ हजार वेळा. त्यातला ‘चालू’चा वाटा वाढवला की वेग वाढतो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. लिनक्समध्ये हा वाटा ० ते २५५ असा मोजतात. ० म्हणजे पंखा बंद, २५५ म्हणजे पूर्ण जोर.

तीन तारांच्या पंख्यांना चौथी तारच नसते, तिथे वीजदाब कमी-जास्त करून वेग बदलतात. जी७६२ला दोन्ही रीती येतात. आपल्या डब्यात कोणती वापरायची हे मात्र तिला कुणीतरी सांगावं लागतं.

ड्रायव्हर: चालक कमी, कंडक्टर जास्त

ड्रायव्हर म्हटलं की एसटीचा चालक डोळ्यासमोर येतो. इथला ड्रायव्हर कंडक्टरच्या जास्त जवळचा आहे. कंडक्टर बस चालवत नाही. प्रवासी सांगतो ‘वडगावला उतरायचंय’, कंडक्टर दोरी ओढतो. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. प्रवाशाला घंटीची भाषा माहीत नसते आणि चालकाला प्रवाशाचं बोलणं ऐकू जात नाही.

आपल्या डब्यात घंटीची दोरी म्हणजे आय-टू-सी नावाचा दोन तारांचा मार्ग. फिलिप्स कंपनीने तो १९८२ मध्ये आणला आणि आजही तो जवळपास प्रत्येक उपकरणात आहे. या मार्गावर प्रत्येक चिपला घर क्रमांक असतो. रेडीनॅसमध्ये जी७६२ राहते ६२ नंबरला. ड्रायव्हर त्या घरी जाऊन ठरलेल्या कप्प्यांत आकडे ठेवतो किंवा तिथले आकडे वाचून आणतो. वर, आपल्यासाठी, तो साध्या फायली मांडतो. ‘फॅन१_इनपुट’ ही फाईल वाचली की वेग कळतो. ‘पीडब्ल्यूएम१’मध्ये १२० लिहिलं की पंखा त्याप्रमाणे फिरतो.

जाता जाता: दुसऱ्याच्या घरात न विचारता कप्पे उघडू नयेत. संगणकातल्या चिपा हुडकणाऱ्या एका प्रोग्रामने मागे काही आयबीएम थिंकपॅड लॅपटॉपमधली एक मेमरी अशीच नकळत बिघडवली होती आणि ते लॅपटॉप सुरू होईनासे झाले. आय-टू-सीवर अंदाजाने आकडे लिहून ‘बघू काय होतंय’ असं करणारे मला अजून भेटतात. त्यांना मी ही गोष्ट सांगतो.

फेरे मोजणारी जपमाळ

आता गाभ्याकडे. चिपला पंखा दिसत नाही. मग ती वेग सांगते कशी?

देवळात एका कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसा. कुणीतरी प्रदक्षिणा घालतंय. ते समोरून गेलं की मणी मोजायला लागा, पुन्हा समोर आलं की थांबा. मणी जास्त झाले म्हणजे चालणारा सावकाश, कमी झाले म्हणजे भरभर. तुम्ही प्रदक्षिणा मोजलीच नाही. मोजले ते आपले मणी. वेळ काढायची तर ‘मी मिनिटाला किती मणी ओढतो’ हे पक्कं माहीत हवं.

जी७६२ हेच करते. तिच्याकडे बाहेरून एका घड्याळाचे ठोके येतात. रेडीनॅसमध्ये ते सेकंदाला ८१९२ आहेत. पंखा पाव फेरा घेईपर्यंत या घड्याळाचे किती ठोके पडले, तो आकडा चिप कप्प्यात ठेवते. फेरे काढण्याचा गुणाकार-भागाकार ड्रायव्हर करतो. एका फेऱ्यात दोन ठोके देणारा पंखा धरला, तर रेडीनॅसच्या घड्याळावर हिशेब असा: १२२८८० भागिले चिपने दिलेला आकडा. चिप म्हणाली ६१, तर मिनिटाला २०१४ फेरे.

या भागाकारातून दोन गमती निघतात. चिप ६१ नंतर थेट ६२ म्हणते, मधलं काही नाही. ६२ म्हणजे १९८१ फेरे. म्हणजे पडद्यावर वेग २०१४ वरून एकदम १९८१ वर उडी मारतो, आणि वापरणाऱ्याला वाटतं पंखा अडखळतोय. वेग वाढला की उड्याही मोठ्या होतात: ३० म्हणजे ४०९६ आणि ३१ म्हणजे ३९६३, मध्ये सव्वाशेहून जास्त फेऱ्यांची दरी. पंखा बिचारा सरळ फिरत असतो. जपमाळेचे मणी जाड आहेत, इतकंच.

दुसरी गंमत हळू वेगाला. चिपचा कप्पा २५५ पर्यंतच मोजतो, आणि २५५ चा अर्थ ‘पंखा थांबलाय’ असा धरला जातो. २५४ म्हणजे ४८३ फेरे. त्याहून हळू फिरणारा पंखा पडद्यावर सरळ शून्य दिसतो. डोळ्यांना दिसतंय फिरतोय, आकडा म्हणतो बंद. यावर उपाय आहे: घड्याळाचे ठोके २, ४ किंवा ८ ने विरळ करता येतात. पण मग वरच्या वेगाला उड्या आणखी मोठ्या. हे घे नाहीतर ते घे.

सातबारा चुकला तर

घड्याळ ८१९२ चं आहे हे ड्रायव्हरला कुणी सांगितलं? चिप स्वतः सांगत नाही. पंखा फेऱ्याला दोन ठोके देतो की चार, हेही चिपला ठाऊक नाही.

हे सगळं एका वेगळ्या फायलीत लिहिलेलं असतं. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. मी तिला डब्याचा सातबारा म्हणतो. कुठल्या घर क्रमांकावर कोण राहतं, त्याच्या हद्दी काय, पाणी कुठून येतं, सगळी नोंद तिथे. साध्या पीसीत बायोस नावाचा कारभारी असतो, तो बऱ्याच गोष्टी सांगतो आणि पंख्याकडेही बघतो. या छोट्या डब्यांत तो नाही. सातबाऱ्यावर पंख्याच्या चिपची नोंदच नसेल, तर लिनक्सच्या लेखी ती चिप अस्तित्वातच नाही, आणि डबा चालू होताना पंख्याला जो वेग मिळाला तोच कायम राहतो. पहिल्या दोन तक्रारींचं मूळ बहुधा इथेच असतं. कुणाला पूर्ण वेग मिळाला, कुणाला अगदी कमी.

नोंद असून चुकीची असेल तर प्रकरण अवघड. मनगटी घड्याळांत सेकंदाला ३२७६८ ठोक्यांचा स्फटिक सर्रास असतो, तोच आकडा कुणी सवयीने इथे लिहिला असं समजा. ८१९२ च्या बरोबर चौपट. चिप प्रामाणिकपणे ६१ सांगते, ड्रायव्हर प्रामाणिकपणे भागाकार करतो, आणि पडद्यावर येतं ८०५७. कुठेही त्रुटीचा संदेश नाही, लाल अक्षरं नाहीत. चुकीच्या सातबाऱ्यावर तलाठ्याने बिनचूक हिशेब करून दिला!

८०५७ निदान डोळ्यात खुपतो. उलट चूक जास्त वाईट. पंखा फेऱ्याला दोनच ठोके देतोय आणि नोंद चारची असेल, तर पडद्यावर वेग निम्मा दिसेल. २०१४ ऐवजी १००७. एवढ्या डब्याच्या पंख्याला तो वेग अगदी शोभतो, म्हणून कुणाला शंकाच येत नाही.

मग खात्री करायची कशी? कानाने

ड्रायव्हरचा आकडा ड्रायव्हरलाच विचारून पडताळता येत नाही. साक्षीदार बाहेरचा हवा.

ज्यांच्याकडे लेझरवर चालणारं फेरे मोजायचं यंत्र आहे, त्यांनी पंख्यावर चिकटपट्टीचा चकाकता तुकडा लावावा आणि मोजावं. माझ्याकडे ते नाही, पेटी आहे.

पंख्याचं प्रत्येक पातं चौकटीजवळून जाताना हवेला धक्का देतं आणि त्यातून एक सूर उमटतो. मिनिटाला २०१४ फेरे म्हणजे सेकंदाला साडेतेहतीसच्या आसपास. पाती सात असतील तर सातने गुणा: सेकंदाला २३५ धक्के. पेटीवर काळी पाच साधारण २३३ ला असते, बऱ्याच गायिका जिथे सा धरतात ती. पंख्याचा सूर तिच्याशी जुळला तर आकडा खरा मानायला हरकत नाही. पेटी नसेल तर मोबाईलवर आवाजाची कंपनं दाखवणारी फुकट अ‍ॅप आहेत, तीही चालतात.

इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. आपल्या संशयित चुका नेमक्या दुपटीच्या किंवा चौपटीच्या आहेत. दुप्पट म्हणजे एक सप्तक वर, चौपट म्हणजे दोन सप्तकं वर. स्वर तोच राहतो! म्हणजे ‘सूर जुळला’ एवढ्यावर समाधान मानलं तर चुकीचा आकडाही पास होतो. सप्तक कुठलं, हे ऐकायला हवं. ८०५७ फेऱ्यांचा पंखा काळी पाचच गाईल, पण तार सप्तकाच्याही माथ्यावर, शिट्टीसारखा. निवांत गुणगुणणाऱ्या पंख्याला तो आकडा शोभत नाही हे तिसऱ्या तक्रारवाल्याच्या कानाला आधीच कळलं होतं. त्याने पडद्यापेक्षा कानावर भरवसा ठेवला, हे बरं केलं.

‘ऑटोमॅटिक’ या शब्दाने होणारा घोळ

वेग सांभाळायच्या दोन पद्धती आहेत. पहिली म्हणजे गॅसची नॉब मध्यावर ठेवून आपण दुसऱ्या कामाला लागणं. ‘पीडब्ल्यूएम१’मध्ये १२० लिहिलं, चिप तेवढा जोर लावते, प्रत्यक्ष वेग किती झाला याच्याशी तिला घेणं नाही. पंख्यात धूळ साचली तर तेवढ्याच जोरात वेग कमी मिळणार.

दुसरी म्हणजे दूध तापवताना समोर उभं राहणं. वर यायला लागलं की आच कमी, बसलं की पुन्हा थोडी जास्त. ‘फॅन१_टार्गेट’मध्ये २००० लिहिलं की चिप स्वतः वेग बघत जोर कमी-जास्त करते. पद्धत निवडायला ‘पीडब्ल्यूएम१_एनेबल’ नावाची फाईल आहे. १ म्हणजे पहिली, २ म्हणजे दुसरी.

घोळ असा, की लिनक्समधल्या पंख्यांच्या पुष्कळ चिपांत २ चा अर्थ ‘तापमान बघून आपोआप वेग ठरव’ असा असतो. लोक तीच सवय घेऊन येतात, इथे २ लिहितात आणि निर्धास्त झोपतात. जी७६२ला तापमानातलं काही कळत नाही. ती सांगितलेला वेग टिकवते, बस. डिस्क ५५ अंशांवर गेली तरी २००० म्हणजे २०००. तापमान बघून वेग ठरवायचं काम वरच्या, फॅनकंट्रोलसारख्या प्रोग्रामचं. ड्रायव्हर तपासणाऱ्याने डिस्क तापवूनही पाहिली पाहिजे ती एवढ्यासाठी.

मुद्दाम खोडसाळपणा करणं

सरळ वापरून बघणं हा तपासणीचा निम्मा भाग. उरलेला निम्मा म्हणजे व्रात्य पोरासारखं वागणं. हे करण्याआधी डब्यातल्या डिस्क काढून ठेवाव्यात, किमान कामाचा डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा. पंखा बंद पाडायचे प्रयोग भरल्या डिस्कवर करू नयेत.

‘पीडब्ल्यूएम१’मध्ये २५६ लिहा. उणे १ लिहा. ‘कांदेपोहे’ लिहा. प्रत्येक वेळी नम्र नकार मिळायला हवा आणि पंख्याचा वेग तसूभर हलता कामा नये. घड्याळ विरळ करायच्या फायलीत ३ लिहा. १, २, ४, ८ सोडून काही चालत नाही, तेव्हा तिथेही नकार.

मग चिप धोक्याचा इशारा देते का ते पाहा. पंखा फिरायला हवा असूनही सुमारे ०.७ सेकंद त्याचा एकही ठोका आला नाही, तर ‘फॅन१_फॉल्ट’ ० वरून १ व्हायला हवी. त्यासाठी पंख्याच्या मधल्या गोल भागावर कानातल्या कापूसकाडीचं टोक हलकेच टेकवून तो थांबवायचा. पात्यांत बोट घालायचं नाही. दुसरा इशारा ‘फॅन१_अलार्म’. वेग टिकवायच्या पद्धतीत प्रत्यक्ष वेग सांगितलेल्यापेक्षा २५ टक्क्यांनी भरकटला आणि ६ सेकंदांहून जास्त तसाच राहिला की हा वाजतो. हे तपासायला पंख्याला हात लावायचीही गरज नाही. त्याच्या आवाक्याबाहेरचा वेग मागा, ९००० म्हणा, आणि मनात दहा मोजा.

नवशिका इथे एक चूक हमखास करतो: सेकंदाला दहा वेळा आकडा वाचतो, दहाही वेळा तोच दिसतो, आणि ‘ड्रायव्हर अडकला’ म्हणून बोंब ठोकतो. हा ड्रायव्हर चिपकडे सेकंदातून जास्तीत जास्त एकदाच चौकशीला जातो. मधल्या वेळात विचारलं तर मागचंच उत्तर देतो. दमाने घ्या.

२५५ नको, २५४

कागदावर वाचून हे सगळं कळतंच की, मग खरा डबा कशाला हवा? या प्रश्नाला या ड्रायव्हरच्या पोटातच उत्तर आहे.

समजा, वेग टिकवायच्या पद्धतीत चिपच्या ‘हवा तेवढा वेग’ या कप्प्यात २५५ पडलंय, म्हणजे जवळपास ‘थांब’ असा अर्थ. आता नॉबच्या पद्धतीवर यायचंय. त्या पद्धतीत या कप्प्याचा काही संबंध नाही. नॉब किती उघडी, एवढाच प्रश्न. निदान तर्क तसं सांगतो. प्रत्यक्षात कप्प्यात २५५ राहिलं तर नॉब कितीही उघडली तरी पंखा नीट फिरत नाही, आणि हे बहुधा पीडब्ल्यूएमच्या रीतीतच होतं. म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी एक ओळ घातली: नॉबच्या पद्धतीवर येताना तिथे २५५ दिसलं तर गुपचूप २५४ करा. शेजारी प्रामाणिक टीपही आहे, की हे असं का होतं याचं कारण कळलेलं नाही.

मला हा त्या फायलीतला सगळ्यात मौल्यवान भाग वाटतो. नुसत्या वाचनाने ही ओळ सुचली नसती. कुणीतरी खऱ्या पंख्यासमोर बसलं, एका पद्धतीतून दुसरीत गेलं, पंखा फिरेना म्हणून डोकं खाजवलं, एकेक कप्पा बदलून पाहिला आणि २५४ पाशी तो फिरला. पुढे कुणी सफाईच्या भरात ‘ही ओळ निरर्थक दिसते’ म्हणून ती उडवली, तर ते पकडणाराही तसाच हवा, चिपसमोर बसलेला. लिनक्सच्या बदलांवर ‘टेस्टेड-बाय’ अशी एक नोंद असते, म्हणजे अमुक माणसाने आपल्याकडच्या यंत्रावर हे चालवून पाहिलं. संगणकशास्त्राची पदवी नसलेल्यालाही ती मिळवता येते. डबा हवा आणि चिकाटी हवी.

‘एवढा खटाटोप कशाला? पंखा पूर्ण वेगाने सोडून द्या’

हा आक्षेप रास्त आहे, आणि डबा माळ्यावर असेल तर मी म्हणेन खुशाल सोडा. पण पंख्याचा हिशेब एकास एक नसतो. वेग निम्मा केला तर हवा निम्मी येते, पण वीज आठव्या हिश्श्यावर उतरते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने कमी होतो. म्हणजे थोडी हवा सोडून पुष्कळ शांतता मिळते. झोपायच्या खोलीत डबा असेल तर हा सौदा चांगला. शिवाय पूर्ण वेगाचा पंखा आपल्याकडची धूळही पूर्ण वेगाने आत ओढतो. रस्त्याकडेच्या घरातला नॅस वर्षभराने उघडून पाहा, आत गोधडी शिवण्याइतका कापूस निघेल.

‘उष्णतेने डिस्क मरत नाही असं गूगलनेच सांगितलंय ना?’

गूगलने २००७ मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला होता. तापमान आणि बिघाड यांचा संबंध समजला जात होता त्याहून बराच कमी निघाला, हे खरं. पण त्याच अभ्यासात फार जास्त तापमानाला आणि वय झालेल्या डिस्कमध्ये बिघाड वाढलेला दिसतो. गूगलच्या डिस्क वातानुकूलित दालनात होत्या. चंद्रपुरात मे महिन्यात बंद कपाटात ठेवलेल्या डब्याची गोष्ट वेगळी. डिस्क खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोलीच ४२ अंशांवर असेल तर तिची सुरुवात तिथून. बऱ्याच डिस्कची मर्यादा ६० अंश दिलेली असते. त्या १८ अंशांच्या फटीत पंख्याला काम करायचंय. पंखा १००७ वर आहे की २०१४ वर, याचं महत्त्व तिथे कळतं.

‘कंपनीने तपासलं असेलच की’

तपासलं असेल, आपल्या सॉफ्टवेअरबरोबर. तुम्ही ते पुसून दुसरं टाकलंत, त्या क्षणी ती हमी संपली. नव्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नव्या गाभ्यात, ड्रायव्हर तोच असला तरी आजूबाजूचं बदलत असतं. याचा सगळ्यात त्रासदायक नमुना म्हणजे नावांची अदलाबदल. तापमान आणि पंख्यांच्या चिपांना लिनक्स ‘एचडब्ल्यूमॉन०’, ‘एचडब्ल्यूमॉन१’ असे क्रमांक देतं, आणि डबा पुन्हा सुरू केला की क्रमांक बदलू शकतात. २०२० मध्ये कर्नल ५.६ बरोबर डिस्कचं तापमान सांगणारा ड्राइव्हटेम्प नावाचा ड्रायव्हर आला. सोय मोठी झाली, पण रांगेत नवे लोक वाढले. काल जिथे पंखा होता तिथे आज डिस्क. फॅनकंट्रोल आपल्या नोंदीशी नाव ताडून पाहतो आणि जुळलं नाही तर कामच सुरू करत नाही. घरी लिहिलेल्या चार ओळींच्या स्क्रिप्टला एवढी अक्कल नसते. तिने क्रमांकावर न जाता आतल्या ‘नेम’ फायलीत ‘जी७६२’ लिहिलंय का ते आधी पाहावं.

ड्राइव्हटेम्पबद्दल एक सावधगिरी: काही डिस्कचं तापमान विचारलं की त्यांचा झोपेचा टायमर पहिल्यापासून सुरू होतो. दर दहा सेकंदांनी विचारत राहिलात तर ती डिस्क रात्रभर झोपणारच नाही.

शेवटच्या दोन चाचण्या

फॅनकंट्रोलला दोन आकडे द्यावे लागतात, ‘मिनस्टार्ट’ आणि ‘मिनस्टॉप’. थांबलेला पंखा किती जोर दिल्यावर हलतो, आणि फिरणारा पंखा किती जोरापर्यंत फिरत राहतो. पहिला नेहमी मोठा. भरलेली हातगाडी ढकलून पाहिलेल्याला का ते सांगायला नको. हे आकडे मोजायला पीडब्ल्यूएमकॉन्फिग नावाचा प्रोग्राम आहे. तो मोजताना पंखे थोडा वेळ बंद पाडतो आणि तसं आधी बजावतोही. मी त्याने दिलेल्या आकड्यांत थोडी भर घालतो, कारण पंखा जुना होतो, वंगण घट्ट होतं, आणि आज ७० वर हलणारा पंखा दोन वर्षांनी हलेलच असं नाही.

दुसरी चाचणी क्रूर आहे. पंखा मंद वेगावर असताना फॅनकंट्रोलला सरळ ठार करा. सभ्यपणे थांबवलं तर तो जाताना पंख्याचा ताबा नीट सोडून जातो. ‘किल -९’ दिलं तर त्याला निरोप घ्यायलाही वेळ मिळत नाही. चिपच्या कप्प्यात शेवटचा आकडा तसाच राहतो, पंखा मंदच फिरत राहतो आणि डिस्क तापत जाते. यात ड्रायव्हरची चूक नाही. कंडक्टर खाली उतरला, घंटी वाजेनाशी झाली, बस शेवटच्या हुकमावर चाललीय. माझ्याकडच्या डब्यात मी त्यासाठी एक वेगळा पहारेकरी ठेवलाय: दर पाच मिनिटांनी फॅनकंट्रोल जिवंत आहे का बघतो, नसेल तर ‘पीडब्ल्यूएम१_एनेबल’मध्ये १ आणि ‘पीडब्ल्यूएम१’मध्ये २५५ लिहितो. गेल्या पावसाळ्यात एका पहाटे पंखा अचानक पिठाच्या गिरणीसारखा ओरडायला लागला. घरचे वैतागून उठले. मला मात्र पहारेकरी जागा असल्याचं कळलं, आणि उठून पाहिलं तर फॅनकंट्रोल खरंच गेलेला होता.